इंचात मावणारं घर: गावातल्या गावात छोट्या जगाची सुरुवात कशी करावी

खऱ्या घरांच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजे इंचांत मोजायची छोटी घरं करायला बसलेलं नवं माणूस सगळ्यात आधी मोबाइल उघडतं. तिथे त्याला दगडी भिंतींचं घर दिसतं, धुराडं दिसतं, खिडकीच्या कडेला साचलेला बर्फ दिसतो. दिसायला ते छानच असतं. पण यवतमाळ-वाशीमकडच्या माणसानं तसं घर केलं की ते उसनं वाटतं, कारण बर्फ कुठे जास्त साचतो आणि कुठून आधी वितळतो हे त्यानं पाहिलेलं नसतं. कवेलूच्या (कौलांच्या) कडेवरून पागोळ्या पडून अंगणात खड्ड्यांची ओळ कशी उमटते, हे मात्र तो झोपेतही सांगेल. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की या कामात कल्पनाशक्तीच्या आधी टेप लागतो. जे रोज डोळ्यासमोर आहे ते मोजायला घेतलं की काय करायचं ते सुचू लागतं.

तसं हे काम आपल्याकडे परकंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा मागत फिरतात, तो बैल म्हणजे सुतारानं केलेलं छोटं जगच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ज्या घरात भुलाबाई बसते, तिथे मातीचे भुलोजी-भुलाबाई आणि वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर असतो. आणि धांड्याची बंडी, म्हणजे बैलगाडी! ज्वारीच्या ताटाचं वरचं कडक साल सोलून त्याच्या चोया करायच्या, आतला पांढरा मऊ गाभा कापायचा, आणि चोई गाभ्यात खुपसून सांधे जोडायचे. खिळा नको, डिंक नको. घरातल्या कोण्या आजोबांना ही बंडी येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती शिकून घ्या. खाट, शिडी, फाटक, मांडव, पुढचं निम्मं सामान याच एका युक्तीवर होतं.

आधी एक कोपरा निवडा

अख्खं घर घेऊ नका, गाव तर नकोच. चुलीजवळचा कोपरा घ्या, भिंतीतली देवळी घ्या, ओसरीचा एक खांब आणि त्याला टेकलेली बाज घ्या, नाहीतर वावरातली खोपडी. दोन भिंती आणि जमीन एवढ्यात सगळं बसलं पाहिजे. समोरची आणि वरची बाजू उघडी राहते, हात आत जातो, उजेडही जातो. अख्खं घर करायला घेतलेल्या माणसाचं काम छपरावर येऊन अडतं, कारण कवेलू शेकड्यांनी लागतात आणि ते करता करता हौस संपते.

छप्पर हवंच असेल आणि तुम्ही बुलढाणा-अकोल्याकडचे असाल, तर तुमचं नशीब चांगलं. तिकडच्या जुन्या धाब्याच्या घराला सपाट छत असतं. लाकडी सरे, त्यावर काड्या आणि पाला, त्यावर पांढरी माती. नवशिक्यासाठी याहून सोपं छप्पर नाही.

टेप, वही आणि सूत

छोट्या घरांच्या कामात जगभर सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे फुटाला इंच. खरी वस्तू १२ फुटांची असेल तर आपली १२ इंचांची. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी १९३० च्या दशकात कारागिरांकडून करवून घेतलेल्या ६८ छोट्या खोल्या आहेत, त्याही याच मापाच्या. आपल्याला हे माप आणखीच सोयीचं पडतं, कारण गावचा सुतार आणि गवंडी अजून फूट, इंच आणि सुतातच बोलतात. इंचाचे ८ सूत. म्हणजे खऱ्या घरातला दीड इंच आपल्या घरात एक सूत झाला. एवढा एक हिशेब डोक्यात बसला की कागद-पेन्सिल लागत नाही.

आता घरात फिरून मापं घ्या. जुन्या घराचं दार ५ फुटांचंच असतं, वाकून जावं लागतं, तर आपलं ५ इंच. बाज ६ बाय ३ फूट, ती ६ बाय ३ इंच. ओटा दीड फूट उंच, तो दीड इंच. चूल ९ इंच उंच असेल तर आपली ६ सुतांची. ही मापं माझ्याकडून घेऊ नका, आपल्या घरची घ्या. दोन घरांच्या चुली सारख्या नसतात, चूल बसून स्वयंपाक करणारीच्या हाताच्या बेतानं घातलेली असते.

मापं घेताना लोक विचारणारच. आमच्या शेजारच्या काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काय मोजून रायली वं पोरी चुलीले?"

"माप घेऊन रायली काकू. छोटी चूल बनवाची हाय."

"मंग हे बाजूचा वैल काऊन नाई मोजला? वैलाबिगर भाजी कुठं ठेवशीन?"

वैल, म्हणजे चुलीला जोडलेली बाजूची छोटी चूल, माझ्या वहीत नव्हताच. म्हणून सांगते, ज्याची वस्तू आहे त्याला शेजारी बसवून माप घ्या. वस्तू कशी दिसते ते टेप सांगतो, ती तशी का आहे ते वापरणारं माणूस सांगतं. वहीत मापासमोर ते 'का' पण लिहा.

भिंतीची जाडी बघायला सेवाग्रामला जा

जुनी मातीची घरं आता कमी होत चालली. आपल्या गावात उरली नसतील तर वर्ध्याहून ८ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. माती, बांबू, लाकूड, कवेलू, सगळं आसपासचं. आदी निवास आणि बापू कुटी दोन्ही निवांत बघा. बापू कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची होती, आणि तिथल्या भिंतीवर त्यांनी मातीच्याच उठावात ताडाची झाडं काढली आहेत. रंग नाही, चौकट नाही, सारवलेल्या भिंतीतूनच झाड वर आलेलं. असा उठाव छोट्या भिंतीवर बोटानं आणि काडीनं जमतो. तिथे वस्तूंना हात लावायचा नाही, तेव्हा टेपाऐवजी डोळ्यांनी वितीत मोजा. वीत साधारण ९ इंचांची, म्हणजे आपल्याकडे ६ सूत.

तिथे खास बघण्यासारखी गोष्ट म्हणजे दाराची खोली. मातीची भिंत फूट-दीड फूट जाड असते, त्यामुळे दाराच्या आणि खिडकीच्या आत सावलीचा एक पट्टा तयार होतो. पुठ्ठ्याच्या घराला ऊब येत नाही ती या पट्ट्यावाचून. छोट्या घराची भिंतसुद्धा इंच-दीड इंच जाड घ्या. बाकी काही नाही केलं तरी निम्मं काम इथेच झालं.

गुडघ्याखालचं जग

निसर्गातून प्रेरणा घ्या असं सगळे सांगतात, आणि माणूस डोंगर बघायला निघतो. छोट्या जगासाठी डोंगराचा उपयोग नाही. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उकिडवं बसा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग जमिनीला लागेल, आणि मुंगीच्या उंचीवरून फोटो काढा. गवताचं झाड होतं, ढेकळाची टेकडी होते. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा या उंचीवरून दऱ्यांसारख्या दिसतात.

ओसरीच्या आढ्याला, दाराच्या चौकटीला कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. ती ओल्या मातीचा इवला गोळा आणते, थर लावते, पुन्हा जाते. भिंत घालायची रीत हीच आहे, एक थर आवळला की दुसरा. सगळी भिंत एका दमात उभी केली की ती खालून फुगते. मृगाचे पहिले शिंतोडे आले की वावरात लाल मखमली किडे निघतात, चारेक दिवस दिसतात आणि मग गायब. त्यांना हात न लावता बघा, काळ्या मातीवर तो लाल रंग किती थोडा असूनही किती उठतो ते. छोट्या घरातही लाल रंग तेवढाच ठेवा, एखादी घडी घातलेली पातळाची चिंधी, एखादी मिरची.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा सिंधीला सुगरणीचे खोपे पावसाळ्यात लटकतात. विणणारा नर असतो. विणीचा हंगाम संपल्यावर वाऱ्यानं खाली पडलेला, रिकामा खोपाच घ्यायचा, झाडावरचा तोडायचा नाही. त्याचे तंतू इतके बारीक असतात की छोट्या दोरासाठी, शिंक्यासाठी त्याहून चांगलं काही मिळत नाही. आणि मेळघाट, ताडोबा, पेंच अशा व्याघ्र प्रकल्पात फिरायला गेलात तर तिथून काडीसुद्धा उचलायची नाही. घरामागच्या सांदवाडीत पुरून उरेल एवढं सामान आहे.

माती

आपल्या काळ्या मातीत घर घालू नका. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना आक्रसते, वावरातल्या भेगा त्यामुळेच, आणि तुमच्या भिंतीलाही त्या पडतील. गावठाणातली पांढरी माती घ्या. पडक्या घराच्या ढिगाऱ्यात ती आयती मिळते, फक्त मालकाला विचारून घ्या. कुटून चाळा. (पिठाची चाळणी घेऊ नका, घरात भांडण होईल.) त्यात कुटार घालतात तसं इथेही घालायचं, पण कुटारही मापात हवं. गव्हाचा भुसा तळहातावर चोळून चाळा, खाली पडेल तेवढाच घ्या. एक भाग शेण, चार भाग माती, मूठभर तो चाळ. भिजवून रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवा आणि सकाळी मळा. काळी मातीच आहे, दुसरी नाहीच, तर तिच्यात निम्मी बारीक रेती घाला, भेगा बऱ्याच कमी होतात.

प्लायवूडच्या तुकड्यावर भिंत घाला, बोटभर उंचीचा एकेक थर. सावलीत वाळवा. दाराच्या जागी पुठ्ठ्याची चौकट ठेवून वर तुराटीचे (तुरीच्या वाळल्या काडीचे) दोन तुकडे टाका, तोच वरचा पाट. वाळल्यावर बारीक भेगा येतीलच, त्यात शेण-मातीचा पातळ गाळा बोटानं भरा. शेवटचं सारवण ब्रशनं करू नका, करंगळीनं करा. सारवलेल्या भिंतीवर बोटांचे अर्धगोल उमटतात ते मोठ्या हाताचे असतात, करंगळीचे अर्धगोल लहान येतात आणि मापात बसतात.

कुडाची भिंत हवी असेल तर तुराटी सरळ आणि बारीक असते, ती वापरा. छपराचे वेडेवाकडे वासे मात्र पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडाचे) करा. पऱ्हाटी गोळा करताना बोंडं, अर्धवट फुटलेल्या कवड्या वावरातच राहू द्या, त्यात गुलाबी बोंडअळी दडून असते आणि ती घरात आणायची नाही. फांद्यांचा फुटवा चांगला असलेली एक पऱ्हाटी वेगळी काढून ठेवा, अंगणातला पानगळीचा पळस तिच्यातून निघतो.

कवेलू, ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी

कुंभार चाकावर मातीची नळी ओढतो आणि ती उभी चिरून दोन कवेलू करतो. आपणही तेच करू. कुंभाराची मळलेली माती पातळ लाटा, जाडी एक मिलिमीटर. जाड स्केचपेनला तेलाचा हात फिरवून त्यावर ती पट्टी गुंडाळा, पात्यानं दोन बाजूंनी उभ्या रेघा मारा, ६-६ सुतांवर आडवे काप घ्या. अर्धवट वाळली की नळी सरकवून काढा आणि रेघांवर हलकेच मोडा. भाजायचे असतील तर दिवाळीआधी पणत्यांची भट्टी लागते तेव्हा कुंभाराला विनंती करून मडक्यात भरून द्या. न भाजताही चालतात, फक्त पाणी लागू देऊ नका.

लावताना खालच्या कडेपासून वर जायचं. एक ओळ पोट वर करून, तिच्या दोन्ही बाजूंवर पालथी ओळ. चार-दोन कवेलू फुटकेच लावा, वानरं सगळे शाबूत कुठे ठेवतात? मे महिन्यात लोक पावसाआधी कवेलू फेरतात तेव्हा फुटक्यांचा ढीग निघतो. त्यातला एक तुकडा घरी आणून पाट्यावर पूड करा, डिंकाच्या पाण्यात घातली की हा सगळ्यात खरा कवेलूचा रंग.

सामान दाण्यांत शोधा

मला या कामातला सगळ्यात आवडता भाग हा. १२ नं गुणत स्वयंपाकघरातले डबे उघडत जा. तुरीचा दाणा सहा मिलिमीटरचा, गुणला की सात सेंटिमीटर, म्हणजे नागपुरी संत्रं. केशरी रंग द्या आणि टोपल्यात रचा. मोठी मोहरी म्हणजे आवळे. धन्याला उभ्या रेघा असल्यानं तो छोटा हिरवा भोपळा म्हणून खपतो. खसखस म्हणजे जंगली बोरं. मुगाला पिवळा रंग दिला की लिंबं. ज्वारीचं कणीस मात्र खऱ्या दाण्यातून जमत नाही, तिथे बारीक रवा लागतो. बाभळीचे छोटे काटे भिंतीत ओल्या मातीत खोचले की खुंट्या झाल्या. कुसळीच्या काड्या दोऱ्यानं बांधल्या की फडा तयार.

सगळे दाणे रंगवण्याआधी कोरड्या तव्यावर चांगले भाजून घ्या. नाहीतर पावसाळ्यात तुमच्या संत्र्यातून सोंडे बाहेर पडतात.

कापड सगळ्यात जास्त दगा देतं. साधं सुती कापडसुद्धा या मापात पोत्यासारखं जाड दिसतं. फार धुतलेलं जुनं धोतर किंवा मलमल घ्या, डिंकाच्या पाण्यात बुडवा, हव्या त्या घडीत वाळवा. गोधडीला टाके घालायचेच नाहीत, बारीक पेनानं काढा.

रंगाला बाजारात जायची गरज थोडीच पडते. भिंतीला चुना, त्यात नीळ टाकली की निळी ओसरी. खालच्या पट्ट्याला गेरू. सागाची कोवळी पानं चोळली की लाल रंग येतो. पळसाची फुलं उकळून केशरी-पिवळा मिळतो, पण तो उन्हात उडतो, तेव्हा आतल्या बाजूलाच वापरा. काळ्या रंगासाठी कोणी बिब्बा सुचवेल, नको. त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. दिव्याची काजळी पुरते.

ऊब कुठून येते

नवी माणसं इथे सजावट वाढवतात. रांगोळी, तोरण, कंदील, मोर, आणखी एक मोर. घर दुकानासारखं दिसायला लागतं. अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात पोलिसांना तपास शिकवण्यासाठी गुन्ह्याच्या जागांच्या छोट्या खोल्या केल्या होत्या, त्याही फुटाला इंच याच मापात. विषय भयंकर, पण आपल्या कामाचा धडा त्यात आहे: तिथे माणसं कशी वागली ते वस्तूंवरच्या खुणांवरून वाचावं लागतं. आपल्या घरात खून नाही, पण स्वयंपाक झालेला असतो, कोणी टेकून बसलेलं असतं.

तेव्हा चुलीच्या वरची भिंत काजळीनं काळी करा, वर जाताना फिकट होत गेलेली. ओसरीच्या खांबाला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, बसल्यावर जिथे डोकं टेकतं तिथे, तेलाच्या बोटानं एक डाग. ओट्याची कड मधेच झिजलेली, कारण पाय तिथेच पडतो. रांजणाखालची माती ओली, म्हणजे गडद. बाजेची दोरी मधे थोडी सैल. दाराशी दोन चपला ठेवा, एक सरळ, एक उलटी पडलेली. या सगळ्यासाठी वही पुन्हा उघडा, तिथे तुमच्या घरातल्या खुणा लिहिलेल्या असतील तर शोधत बसावं लागत नाही.

उजेड आणि फोटो

खरा दिवा आत ठेवू नका, तुराटी आणि तणस क्षणात पेटतात. पिवळसर उजेडाचा एक एलईडी आणि तीन व्होल्टचा चपटा सेल, एवढ्यात काम होतं, लांब पाय अधिक बाजूला लावायचा. पांढऱ्या उजेडाचा घेऊ नका, सारवलेली भिंत सिमेंटसारखी दिसते. एलईडी दिसता कामा नये, तो चुलीत लाकडांमागे किंवा देवळीत दडवा.

दिवसाचा फोटो सकाळी आठ-नऊच्या तिरप्या उन्हात काढा. कॅमेरा वरून धरला की खेळणं दिसतं. उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांवर, म्हणून भिंग जमिनीपासून पाच इंचांवर, आणि चुलीजवळ बसल्यासारखं हवं असेल तर अडीच इंचांवर. मागे खरं अंगण येऊ द्या, फक्त मोटारसायकलचं चाक हटवा.

पावसाळ्याआधी

कच्च्या मातीला दमट हवा सोसत नाही. मृग लागायच्या आत छोटं घर जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, फळीच्या पायांना वाळवीचं औषध लावा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. उंदरांसाठी समोरची उघडी बाजू बारीक जाळीनं झाका. श्रावणात एकदा जाळी काढून ऊन दाखवा. भिंतीला बुरशी आली असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या ब्रशनं झाडा आणि त्या जागी पुन्हा करंगळीनं सारवा.